दोन वाट्या, दोन शिक्के

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारची सकाळ. रात्रभर कोसळलेला पाऊस नुकताच थांबला होता. मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वर मंदिराच्या बाजूने मी नेहमीप्रमाणे फिरून परतत होतो. पदपथाच्या कडेला साचलेल्या पानांत काळ्या मण्यांचा एक तुकडा दिसला. उचलून पाहिले, तर तुटलेल्या पोतीत अडकलेल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या होत्या.

या मंदिरापाशी आले की मराठी माणसाला थोडे घरच्यासारखे वाटते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि पुढे ही जहागीर शहाजीराजांकडे आली. त्यांचे पुत्र व्यंकोजी (एकोजी) यांनी १६६९ मध्ये या देवस्थानाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख येथे आहे. आजचे आखीव रस्त्यांचे मल्लेश्वरम मात्र त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १८९८ च्या प्लेगच्या आगेमागे वसले. सांगायचे एवढेच की, येथे मराठी वस्तू सापडणे अगदीच अनपेक्षित नव्हे. पण वाट्यांवरून मालकीण मराठीच असेल, असेही म्हणता येत नव्हते. कर्नाटकातील अनेक घरांत अशाच दोन वाट्यांचे मंगळसूत्र वापरतात.

घरी येऊन मी शाळकरी वयातील टपाल तिकिटांच्या छंदासाठी घेतलेले दहापट भिंग काढले. वाट्या कोमट पाण्यात धुतल्या आणि खिडकीपाशी, तिरप्या उजेडात, आतील बाजू पाहू लागलो. (अशा खुणा सरळ उजेडात चकाकीमुळे दिसत नाहीत. दागिना थोडा तिरपा धरला की कोरीव रेघेची सावली पडते आणि अक्षर उठून दिसते.) एका वाटीच्या कडेला खुणांची एक ओळ होती: एक त्रिकोणी बोधचिन्ह, त्यापुढे ९१६ हा आकडा, मग एक झिजलेली खूण, रोमन लिपीतील 'सी' हे अक्षर आणि शेवटी दुकानाची दोन अक्षरे. दुसऱ्या वाटीवर यातले काहीही नव्हते. तिच्या आत हाताने ठोकलेली देवनागरी लिपीतील दोन अक्षरे होती आणि त्यांच्याखाली आकडा होता, १४.

हा चौदाचा आकडा पाहून मी भिंग खाली ठेवले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी जे केवळ एक धोरण म्हणून वाचले होते, ते माझ्या तळहातावर होते.

पण त्याआधी एक प्रशासकीय प्रश्न होता. सापडलेल्या वस्तूचे करायचे काय? पुष्कळांना वाटते की जमिनीवर सापडलेले सोने म्हणजे गुप्तधन. तसे नाही. १८७८ च्या गुप्तधन कायद्यात जमिनीत दडलेल्या वस्तूचा विचार आहे. रस्त्यावर पडलेल्या वस्तूला १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७१ लागू पडते. दुसऱ्याची वस्तू सापडून ती ज्याने ताब्यात घेतली, त्याच्यावर विश्वासाने ठेव सांभाळणाऱ्याइतकी जबाबदारी येते. म्हणजे वस्तू उचलण्याची सक्ती नाही, पण उचलली की मालकाचा वाजवी शोध घेणे आणि तोवर ती जपणे हे कर्तव्य होते. तेव्हा पोलीस ठाण्यात जाणे आलेच. मात्र सोने खरे की खोटे हे कळल्याशिवाय लिहून काय द्यायचे? म्हणून मी मेट्रोने चिकपेट गाठले आणि नगरथपेठेतील एका ओळखीच्या गलाईवाल्याकडे गेलो.

गलाई व्यवसायाविषयी महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला तरी माहिती असावी. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण-खटाव या दुष्काळी टापूतील हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. जोंधळ्याच्या रानाने पोट भरेना, म्हणून विट्याच्या आसपासच्या गावांतील तरुण बाहेर पडले आणि केरळपासून बंगालपर्यंत सराफ बाजारांच्या गल्ल्यांत मूस व भट्टी घेऊन बसले. दक्षिणेत मोडीचा दागिना आटवण्यापासून सोन्याचा टंच काढण्यापर्यंतच्या कामांत हे लोक आहेत. घरात मराठी, बाजारात कन्नड किंवा तमिळ, आणि यात्रेला मात्र गावी, असे त्यांचे जीवन.

माझ्या या स्नेह्याने वाटी हातात घेतली, बोटांवर तोलली आणि क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्राखाली ठेवली. पडद्यावर आकडे उमटले. एका वाटीत सोने साडेएक्क्याण्णव टक्क्यांच्या किंचित वर. दुसरीत अठ्ठावन्नच्या आसपास, बाकी तांबे आणि चांदी.

"साहेब, ही चौदाचीच आहे," तो म्हणाला. "आमचे वडील सांगायचे चौदाच्या कायद्याचं. पण चौदाची वाटी मी आजच बघतोय. असला माल लोकांनी कधीच आटवून टाकला."

गणित सोपे आहे. शुद्ध सोने २४ कॅरटचे मानतात. २२ भागिले २४ म्हणजे हजारात ९१६, आणि १४ भागिले २४ म्हणजे हजारात ५८३. मानकात हा आकडा ५८५ असा धरतात. ज्या समाजाने शुद्धतेला 'बावनकशी' हे विशेषण दिले, ज्याने माणसाच्या परीक्षेलाही 'कस' आणि 'कसोटी' हेच शब्द वापरले, त्या समाजात कोणी हौसेने चौदा कॅरटचे मंगळसूत्र करील का? करणार नाही. ते करायला लावले होते शासनाने.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. परकीय चलनाचा खडखडाट होता. सोन्याची अधिकृत आयात बंद असल्याने देशातील भाव आंतरराष्ट्रीय भावाच्या जवळपास दुप्पट होता, आणि या तफावतीवर आखातातून होणारी चोरटी आयात पोसली जात होती. तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांचा विचार असा की, मागणीच तोडली तर तस्करी आपोआप थांबेल. भारत संरक्षण नियमांखाली जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले. खासगी व्यक्तीने सोन्याच्या लगडी वा बिस्किटे बाळगण्यावर निर्बंध आले, आणि नवा दागिना १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचा घडवण्यास मनाई झाली. कागदावर तर्क बिनतोड होता. चौदा कॅरटचा दागिना फिका दिसतो, घामाने काळवंडतो, मोडीत भाव येत नाही. मग लोकांची सोन्याची हौस ओसरेल.

हौस ओसरली नाही. ओसरला तो सुवर्णकारांचा धंदा. आपल्याकडील घडणावळीची सारी विद्या बावीस कॅरटच्या मऊपणावर उभी होती. लाखेवर पातळ पत्रा मढवून केलेला कोल्हापुरी साज असो की नथीची बारीक तार, चौदा कॅरटचा कडक मिश्रधातू त्या हातांना मानवेना. तो ठोकता ठोकता ताठ होतो, वारंवार तापवावा लागतो, नाहीतर तडकतो. प्रामाणिकपणे नियम पाळणाऱ्या सोनाराकडे गिऱ्हाईक फिरकेना. जो मागच्या खोलीत बावीसचे करून देई, त्याच्याकडे गर्दी. लक्षावधी कारागिरांची उपजीविका धोक्यात आली. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, आणि देशाच्या अनेक भागांत सुवर्णकारांनी आत्महत्या केल्या. पुढे टप्प्याटप्प्याने सवलती देण्यात आल्या आणि १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट गेली. परंतु नियंत्रण गेले नाही. १९६८ च्या सुवर्ण (नियंत्रण) कायद्याने परवाने, नोंदवह्या, झडत्या आणि ठरावीक वजनापुढील दागिन्यांची घोषणापत्रे असा पसारा कायम केला. अखेर १९९० च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री, आपल्या कोकणचे लोकप्रतिनिधी मधु दंडवते यांनी तो कायदा रद्द करण्याची घोषणा केली, आणि जून १९९० मध्ये तो गेला. सत्तावीस वर्षांत तस्करी थांबली नव्हती. उलट ती एक सुसंघटित धंदा बनली होती.

मी सरकारी नोकरीत आलो तो यानंतर. प्रशिक्षणाच्या काळात एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी आम्हांला विचारले होते, "सुवर्णनियंत्रण का फसले?" आम्ही मागणीची लवचिकता, काळा बाजार वगैरे पाठ केलेली उत्तरे दिली. ते म्हणाले, "शासनाने चुकीचा प्रश्न सोडवायला घेतला. लोकांना सोने हवे होते हा प्रश्नच नव्हता. हाती पडलेले सोने खरे किती, हे लोकांना कळत नव्हते, हा प्रश्न होता." त्या वेळी मला हे उत्तर केवळ चमकदार वाटले. दोन वाट्या हातात घेतल्यावर त्याचा अर्थ उमगला.

खरे तर शासनाने करायचे काम कोणते, याचे उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वी दिलेले आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचे हस्तलिखित याच प्रांती, म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात, तेथील विद्वान आर. शामशास्त्री यांच्या हाती आले आणि १९०९ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याची अक्षशाला एकाच दाराची असावी आणि तेथे नेमलेल्या माणसांखेरीज कोणी शिरू नये, असा दंडक आहे. सोन्याचे कस कसोटीवर कसे ओळखावेत, हे तेथे विस्ताराने सांगितले आहे. उत्तम कसोटीचा दगड कलिंगातील किंवा तापी नदीतील, मुगाच्या रंगाचा असावा, असेही म्हटले आहे. तापी म्हणजे आपले खानदेश. पुढच्या अध्यायात सोनार सोने कोणत्या मार्गांनी चोरतो त्याचे पाच प्रकार दिले आहेत. खोटा तराजू हा त्यांतला पहिला. मला येथे लक्षणीय वाटते ते असे की, कौटिल्याचा अधिकारी संशयी आहे, कठोर आहे, पण लोकांनी सोने किती शुद्ध वापरावे हे तो ठरवत नाही. जे सोने समोर आहे ते किती कसाचे, याची खात्री करणे हे त्याचे काम.

युरोपातही हीच वाट सापडते. इंग्लंडमध्ये १३०० मध्ये पहिल्या एडवर्डच्या कायद्याने तपासलेल्या चांदीवर चित्त्याच्या मुखाचा शिक्का उमटवण्याची सुरुवात झाली. १३६३ मध्ये कारागिराने स्वतःची खूण करणे बंधनकारक झाले. १४७८ पासून लंडनच्या सुवर्णकार संघाच्या वास्तूत, म्हणजे 'हॉल'मध्ये, तपासणीची कायम व्यवस्था झाली. दरवर्षी बदलणारे एक अक्षरही वस्तूवर उमटू लागले. हॉलमार्क हा शब्द त्या हॉलवरूनच आला. वर्षाचे अक्षर शोभेसाठी नव्हते. तपासणीत चूक निघाली तर त्या वर्षी जबाबदार कोण होते, हे कळावे म्हणून होते. थोडक्यात, शिक्का सोनारावर पाळत ठेवत होता आणि तपासनिसावरही. म्हणून आज पाचशे वर्षांपूर्वीचा चमचा सापडला, तरी भिंगातून पाहून तो कोणत्या शहरात, कोणत्या वर्षी तपासला गेला हे सांगता येते.

गंमत अशी की, इतकी व्यवस्था घरी असलेल्या ब्रिटिशांनी भारतात दागिन्यांवर शिक्क्याची अशी पद्धत आणलीच नाही. कोलकात्याची हॅमिल्टन किंवा चेन्नईची ऑर यांसारख्या पेढ्या आपापल्या खुणा उमटवीत, भुजचे प्रसिद्ध कारागीर ओमरसी मावजी यांच्या चांदीच्या कामावर त्यांची आद्याक्षरे आढळतात. पण या साऱ्या खासगी खुणा. त्यांच्यामागे राज्याची जबाबदारी नव्हती. आपला सारा व्यवहार चालला तो घरच्या सोनारावरील विश्वासावर. तो विश्वास पुष्कळदा खराही होता. पण सोनार सख्ख्या आईचे सोनेही सोडत नाही, असे म्हणण्याची पद्धत आपल्याकडे पडली, तीही उगाच नव्हे. त्यात अन्याय असा की, या म्हणण्याने प्रामाणिक सोनार आणि लबाड सोनार एकाच तागडीत बसले.

येथे माझ्या विषयातील एक संदर्भ देतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये एक छोटा निबंध लिहिला, ज्याच्यासाठी त्यांना पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात ग्राहक सर्वच मालाला सरासरी भाव देऊ लागतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता बाहेर पडतो आणि वाईट उरतो. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत राहिले होते. त्या निबंधात, बाजारातून आणलेल्या तांदळातून त्याच रंगाचे खडे वेचणाऱ्या भारतीय गृहिणीचे उदाहरण आहे. तांदळातील खडा निदान डोळ्यांना दिसतो आणि दाताला कळतो. सोन्यातील तांबे कळत नाही. दहा ग्रॅमचा दागिना बावीसचा म्हणून अठराचा दिला, तर ग्राहकाचे १.६७ ग्रॅम सोने जाते, आणि ही गोष्ट तिला वीस वर्षांनी, अडचणीत मोडायला गेल्यावर कळते. म्हणजे नेमकी ज्या दिवशी त्या सोन्याची गरज असते त्या दिवशी.

स्वतंत्र भारताला या प्रश्नावर योग्य उत्तर सापडले ते एप्रिल २००० मध्ये. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी ऐच्छिक हॉलमार्क योजना सुरू केली. शिक्क्यात पाच खुणा होत्या: ब्यूरोचे त्रिकोणी बोधचिन्ह, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, वर्षाचे अक्षर आणि सराफाची खूण. वर्षाचे अक्षर २००० साठी 'ए', २००१ साठी 'बी'. म्हणजे माझ्या हातातील 'सी' ची वाटी २००२ मध्ये तपासलेली. (केंद्रात अंतिम निर्णय अग्निपरीक्षेनेच होतो. दागिन्याचा खरवडलेला कण शिसे व चांदीबरोबर हजार अंशांहून अधिक उष्णतेत तापवतात. शिसे आणि हिणकस धातू सच्छिद्र कुपीत शोषले जातात, चांदी नायट्रिक आम्लात विरघळते, आणि उरते ते सोने तोलतात. क्ष-किरण यंत्र फक्त पृष्ठभाग पाहते. सोन्याच्या जाड मुलाम्याने ते फसू शकते.)

त्या काळातील बाजारात आणखी एक शिक्का फार दिसे, केडीएम. अनेक घरांत आजही तो शुद्धतेचा शिक्का समजला जातो. तो शुद्धतेचा नव्हे, डागाचा शिक्का आहे. सांधा जोडण्यासाठी कॅडमियम मिसळलेला डाग वापरला, एवढाच त्याचा अर्थ. असा डाग कमी लागे आणि त्याने कस फारसा घसरत नसे, म्हणून तो लोकप्रिय झाला. पण कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक असतो. म्हणून मानकाने त्याला हद्दपार केले.

ऐच्छिक योजना सक्तीची व्हायला एकवीस वर्षे लागली. १ जानेवारी २०१७ पासून वर्षाचे अक्षर गेले आणि कॅरटचा आकडा आला. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क बंधनकारक झाला. नंतर जिल्ह्यांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढत गेली. जुलै २०२१ पासून प्रत्येक दागिन्याला सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक, एचयूआयडी, मिळू लागला, आणि १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक हॉलमार्कच्या क्षेत्रात या क्रमांकाविना दागिना विकण्यास मनाई झाली. हा क्रमांक ब्यूरोच्या मोबाइल ॲपमध्ये घातला की सराफ, तपासणी केंद्र व शुद्धता कळते. शुद्धता कमी निघाल्यास तुटीच्या दुप्पट भरपाईची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना आणि कुंदन, पोलकी, जडाव अशा घडणीला सूट आहे.

आता त्या वाट्यांकडे परत येतो. त्याच दुपारी मी पोलीस ठाण्यात लेखी निवेदनासह त्या जमा केल्या आणि पोच घेतली. मंदिराच्या फलकावर कन्नड, इंग्रजी आणि मराठीत चार ओळी लावल्या: एक दागिना सापडला आहे, ओळख सांगून ठाण्यातून न्यावा. दागिना कोणता, हे मुद्दाम लिहिले नाही.

चौथ्या दिवशी ठाण्यातून दूरध्वनी आला. एक ऐंशीच्या घरातील बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. नुसत्या 'मंगळसूत्राच्या वाट्या' या वर्णनावर आणखी दोघींनी हक्क सांगितला असल्याने अधिकाऱ्यांनी मलाही बोलावून घेतले. मी गेलो. बाई मूळच्या सांगलीच्या, मुलाच्या नोकरीमुळे तीस वर्षे मल्लेश्वरममध्ये. त्यांना ओळख विचारली, तेव्हा त्या क्षणभरही अडखळल्या नाहीत.

"एक वाटी पिवळी आहे, एक तांबूस. तांबूस वाटीत चौदाचा आकडा आहे. नसला तर माझी नाही."

प्रश्न तेथेच संपला. कागदपत्रे होईपर्यंत बाकावर बसून त्या मला हकिकत सांगत होत्या. लग्न १९६३ च्या वैशाखातले. वडील मामलेदार कचेरीत कारकून.

"आमच्या घरात जुनं सोनं नव्हतंच. वाटीपुरतं वडिलांनी नवीन घेतलं. सोनार म्हणाला, 'रावसाहेब, बावीसचं करतो, कोण बघतंय?' वडील म्हणाले, 'मी सरकारचं मीठ खातो. चौदाचंच कर, आणि आत आकडा घाल.' सासरची वाटी त्यांच्या जुन्या सोन्यातली, पिवळीधमक. शेजारी ही माझी अशी. पहिल्या हळदीकुंकवालाच सासूबाई म्हणाल्या, 'माहेरनं पितळ दिलंय वाटतं.' वर्षभरात बघावं तर आळीत एकीच्याही गळ्यात चौदाचं नव्हतं. सगळ्यांनी आतून बावीसचंच केलं होतं. कायदा काय तो आमच्या वडिलांनीच पाळला."

"मग नंतर बदलून नाही घेतली, काकू?"

"यजमान म्हणत होते. मी नाही दिली. सासरची वाटी २००२ मध्ये हरवली, तेव्हा मुलानं इथं दुकानातून ती शिक्क्याची आणली. दुकानदारानं भिंग दिलं, आकडा दाखवला. मला तेव्हा वडिलांची फार आठवण झाली. म्हटलं, आता सरकार स्वतःच खरं सांगायला लागलं. चाळीस वर्षांपूर्वी हेच केलं असतं, तर त्यांच्या खरेपणाला कोणी पितळ म्हटलं नसतं."

एका शासकीय अधिकाऱ्याला यावर काय बोलता येणार? मी काहीच बोललो नाही.

मात्र त्यानंतर मनात घोळत राहिलेल्या तीन गोष्टी येथे नोंदवतो. धोरण आखणाऱ्यांच्या त्या उपयोगी पडाव्यात.

पहिली. जो नियम फक्त सज्जनांना लागू पडतो, तो नियम सज्जनतेवरचा कर असतो. १९६३ च्या नियमाची अंमलबजावणी प्रत्येक सोनाराच्या मागच्या खोलीत जाऊन करणे शक्य नव्हते. तेव्हा तो कोण पाळणार हे उघड होते: ज्याला पदाची वा मनाची लाज आहे तो. नवा नियम करताना आपण विचारतो की, मोडणाऱ्याला शिक्षा काय. पाळणाऱ्याचे नुकसान काय, हेही विचारले पाहिजे.

दुसरी. बंदीपेक्षा माहिती अधिक दूर जाते. आज सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेल्यावर अनेक तरुण मुली आपण होऊन अठरा आणि चौदा कॅरटचे दागिने घेतात. जुलै २०२५ पासून नऊ कॅरटलाही हॉलमार्कच्या कक्षेत घेण्यात आले आहे. जी गोष्ट मोरारजीभाईंना सक्तीने साधली नाही, ती भावाने आणि खऱ्या शिक्क्याने साधत आहे. कारण आता चौदाला चौदाचाच भाव द्यावा लागतो आणि मोडताना चौदाचाच मिळतो. त्यात फसवणूक नाही, म्हणून कमीपणाही नाही.

तिसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. १९६३ चा चौदाचा आकडा मी बासष्ट वर्षांनी एका भिंगाने वाचला. २००२ चे वर्षाचे अक्षरही तसेच वाचले. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, वीज लागली नाही, फोन लागला नाही. आजच्या दागिन्यावर शुद्धतेचा आकडा आहे, ही चांगली गोष्ट. पण वर्ष, सराफ आणि केंद्र यांची माहिती आता धातूवर नाही. ती सहा अक्षरांमागे कोठल्यातरी संगणकात आहे. फसवणूक पकडण्यासाठी ही पद्धत नक्कीच सरस. परंतु दागिना दोन-तीन पिढ्या टिकतो. आपल्या संगणकीय नोंदी दोन-तीन पिढ्या टिकतील अशी व्यवस्था आपण केली आहे का? सरकारी कचेऱ्यांतील जुन्या फ्लॉपी आता कोणत्या यंत्रावर उघडतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य सांगायला नको. एचयूआयडीच्या नोंदींचे दीर्घकालीन जतन हा अभिलेखागाराचा विषय मानला जावा, आणि वर्षाचे एक अक्षर पुन्हा धातूवर यावे, असे माझे मत आहे.

वाचकांसाठी एक साधी सूचना. हॉलमार्क असलेला दागिना विकणाऱ्या सराफाने निदान दहापट भिंग दुकानात ठेवणे आणि मागितल्यास देणे अपेक्षित आहे. ते मागण्यात संकोच करू नये. प्रामाणिक सराफाला त्याचा राग येत नाही. उलट त्याच्या खरेपणाला साक्षीदार मिळतो. घरातील जुने दागिनेही एकदा तिरप्या उजेडात पाहावेत, खुणा वहीत उतरवून ठेवाव्यात आणि शक्य तर छायाचित्रे घ्यावीत. दागिना हरवला तर ओळख पटवण्यास याहून चांगला पुरावा नाही.

काकूंना वाट्या परत मिळाल्या. नातू म्हणाला, "आजी, आता तरी दोन्ही सारख्या करून घेऊ." त्यांनी वाट्या रुमालात गुंडाळल्या, कमरेला खोचल्या आणि म्हणाल्या, "पोत तेवढी नवी घे. वाट्या आहेत तशाच राहू देत."